परिक्रमा अर्धी राहिली तर?

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ५९. आमची मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात डब्लिनला असतात. येत्या जुलैमध्ये मोटरहोम भाड्याने घेऊन दहा दिवसांत आइसलंडला पूर्ण चक्कर मारायची, असा जावयांचा बेत आहे. पाच माणसं, एक गाडी, त्यातच झोपायचं, त्यातच रांधायचं. आमचे हे एसटीत ३१ वर्षं चालक होते, आता ६३ चे आहेत. त्यांचा उत्साह विचारू नका. 'मीपण चालवणार, आणि परिक्रमा एकदा उचलली की अर्धी सोडायची नसते' असं येता-जाता म्हणतात. माझ्या मनात मात्र धाकधूक आहे. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं यांना जमेल का? जावयांसमोर एका खोलीएवढ्या जागेत दहा दिवस कसं वावरायचं? त्या गाडीतल्या संडासाची टाकी रोज कुणीतरी रिकामी करायची असते म्हणे. ती जावयांनी करायची, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणि खरं सांगू? कधी कधी वाटतं, मला स्वयंपाकासाठीच नेताहेत. जाऊ की नको?

उत्तर:

ताई, नमस्कार.

जा. आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. लेक, जावई आणि नात यांच्यासोबत सलग दहा दिवस मिळताहेत, तेही हिमनद्यांच्या, काळ्या वाळूच्या आणि जुलैत रात्रच होत नाही अशा बेटावर. हे सोडू नका. पण गाडीचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी घरात उघड बोलून घ्या. एक म्हणजे 'पूर्ण' हा शब्द आणि दुसरी म्हणजे स्वयंपाक. स्वयंपाकाकडे मी नंतर येते, पण तुमचं ते वाक्य मी विसरलेले नाही.

मी हा रस्ता दोनदा केला आहे. पहिल्या वेळी आम्ही चौघांनी आठ दिवसांत चक्कर पुरी केली. परत आल्यावर फोटो लावायला बसले तेव्हा लक्षात आलं की उत्तरेकडचे दोन दिवस मला आठवतच नाहीत. सकाळी उठायचं, अंथरुणं गुंडाळायची, पलंगाचं टेबल करायचं, निघायचं, धबधब्यापाशी वीस मिनिटं, पुन्हा गाडीत. दुसऱ्या वेळी वाऱ्यामुळे आम्ही आग्नेयेकडच्या होफ्न गावात दीड दिवस अडकलो आणि तिथूनच उलटे फिरलो. चक्कर अर्धी राहिली. आज मी डोळे मिटले तर मला तीच सहल दिसते.

म्हणून तुमच्या यजमानांच्या परिक्रमेबद्दल आधी बोलते. त्यांची भावना मला कळते. हातात घेतलेलं तडीस न्यायचं, ही त्यांच्या पिढीची शिस्त आहे आणि ३१ वर्षं वेळापत्रकावर गाडी काढलेल्या माणसाची तर आहेच. पण त्यांना एवढंच विचारा, नर्मदेची परिक्रमा करणारे चातुर्मासात काय करतात? थांबतात. पाऊस आणि पूर असताना चालायचं नाही, एका जागी मुक्काम करायचा, हे त्या परिक्रमेच्या नियमातच बसवलेलं आहे. थांबणं म्हणजे मोडणं नव्हे. आइसलंडमध्ये पावसाची जागा वाऱ्याने घेतली आहे, एवढाच फरक.

आणि त्या रस्त्याची हकीकतही त्यांना सांगा, त्यांना ती आवडेल. बेटाभोवतीचा क्रमांक १ चा रस्ता, ज्याला सगळे रिंग रोड म्हणतात, साधारण १,३२० किलोमीटरचा आहे. तो जोडला गेला १९७४ साली. त्या बेटावर वस्ती झाल्याचं परंपरेने मानलेलं साल आहे ८७४. म्हणजे तिथली माणसं ११०० वर्षं अपुऱ्या वर्तुळावर राहिली. अडत होतं ते दक्षिणेला, वात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याशी. तिथे वाळूचं अफाट मैदान आहे आणि हिमनदीखालून निघालेल्या नद्या त्यात दर थोड्या दिवसांनी पात्र बदलतात. पूल टिकायचा नाही. होफ्नच्या माणसाला मोटारीने राजधानी रेक्याविक गाठायची तर उत्तरेकडून अख्खं बेट फिरून जावं लागे. १९७४ मध्ये स्केयदारा नदीवर लांबलचक पूल झाला आणि वर्तुळ पुरं झालं. मग १९९६ च्या शरदात हिमनदीखाली ज्वालामुखी उसळला, महिन्याभराने वितळलेल्या पाण्याचा लोंढा आला आणि रस्ता वाहून गेला. एका पुलाचे पिळवटलेले लोखंडी गर्डर स्काफ्टाफेलजवळ रस्त्याच्या कडेला अजून ठेवलेले आहेत. तिथे गाडी लावून यजमानांना त्यांच्यासमोर उभं करा. २०११ च्या जुलैमध्ये, ऐन प्रवासाच्या दिवसांत, विक गावाच्या पलीकडचा एक पूल असाच गेला आणि आठवड्याभरात तात्पुरता पूल उभा राहीपर्यंत दक्षिणेचा रस्ता तुटला होता. त्या देशात वर्तुळ पुरं होणं हे गृहीत धरायचं नसतंच. जिथे रस्ता बांधणाऱ्यांना तसा हट्ट धरता आला नाही, तिथे आपण पाहुण्यांनी तो का धरावा?

माझा सल्ला असा. दहा दिवसांतून गाडी घेण्याचा आणि परत देण्याचा दिवस वजा करा. आठ उरतात. पहिली रात्र विमानतळाजवळ किंवा रेक्याविकमध्ये साध्या खोलीत काढा. विमानातून उतरून थेट सात मीटरच्या अनोळखी गाडीच्या चाकामागे कुणीही बसू नये. मग दक्षिणेची वाट धरा. सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या पाठीमागून चालत जाता येतं (नातीला रेनकोट, तुम्हाला घट्ट पकडीचे बूट), पुढे स्कोगाफॉस, विक, स्काफ्टाफेल, मग हिमखंड तरंगणारं योकुलसार्लोन सरोवर. होफ्न रेक्याविकपासून साडेचारशे किलोमीटरवर आहे. तिथे चौथ्या संध्याकाळी पोचा आणि पाचही जणांनी बसून ठरवा. पुढच्या तीन दिवसांचा वारा काय म्हणतो, कुणाची पाठ धरली आहे का, नात कंटाळली आहे का. सगळं ठीक असेल तर पुढे, पूर्वेच्या फ्योर्डांकडे, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांकडे. नसेल तर आलात त्याच रस्त्याने सावकाश परत, आणि जाताना जे घाईत पाहिलं ते निवांत पाहा. तोच रस्ता उलट दिशेने वेगळा दिसतो, कारण येताना पाठीशी असलेली हिमनदी परतताना समोर असते. निर्णय होफ्नला होणार, हे आजच सगळ्यांना सांगून ठेवा. आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी कुणी हरल्यासारखं वाटून घेत नाही.

पुढे गेलात तर एकच धोक्याची जागा सांगते. होफ्नकडून पूर्वेच्या एगिलस्टाडिर गावाला जाताना फोनवरचा नकाशा तुम्हाला ओक्सी नावाच्या खिंडीतून, ९३९ क्रमांकाच्या रस्त्याने काढेल, कारण ते अंतर कमी आहे. तो खडीचा, उभ्या चढाचा रस्ता आहे. मोटरहोम तिकडे घालू नका. २०१७ पासून क्रमांक १ चा रस्ता समुद्राकाठच्या फ्योर्डांवरूनच जातो आणि तो सगळा डांबरी आहे. ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी 'एफ' अक्षर लागतं ते डोंगराळ रस्ते तर फक्त फोर बाय फोरसाठीच आहेत, तुमच्या गाडीला तिथे परवानगी नाही. उत्तरेचं मीवात्न सरोवर, गोडाफॉस धबधबा, आकुरेरी शहर हे सगळं सुंदर आहे, पण त्याबद्दल होफ्नची सभा झाल्यावर वाचलंत तरी चालेल.

आता वारा. आपल्याकडे हवामान म्हटलं की आपण पाऊस आणि ऊन विचारतो. तिथे आधी वारा विचारायचा, आणि तो मीटर प्रति सेकंद या मापात सांगतात. १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. मोटरहोम म्हणजे चाकांवर उभी केलेली भिंत. झोत १५ च्या वर जायला लागले की उंच गाडी रस्त्यावर नको, आणि २० च्या पुढे तर चर्चाही नको. वेदुर डॉट आयएस (vedur.is) हे तिथल्या हवामान खात्याचं संकेतस्थळ आणि उमफेर्दिन डॉट आयएस (umferdin.is) हे रस्त्यांचं. रोज सकाळी चहाबरोबर दोन्ही पाहायची, दुपारी पुन्हा एकदा. पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे इशारे असतात; मोटरहोमवाल्याने पिवळ्यालाच थांबावं असं माझं मत आहे. एयाफ्यादलायोकुल डोंगराच्या पायथ्याचा पट्टा, स्काफ्टाफेलच्या आसपासचा भाग आणि पश्चिमेला बोर्गारनेसजवळचा हाफ्नारफ्याल डोंगर, इथे वारा डोंगरावरून खाली आदळतो. बाकी सगळीकडे शांत असतानाही तिथे गाडी आडवी होऊ शकते.

दाराबद्दल मुद्दाम लिहिते, कारण ती चूक माझ्या हातून झाली. विकच्या पुढे एका पंपावर थांबलो होतो. मी बाजूचं दार नेहमीसारखं उघडलं आणि ते माझ्या हातातून निसटून थेट गाडीच्या अंगावर आपटलं. बिजागऱ्या पिळल्या. वाऱ्याने मोडलेलं दार विम्यात बसत नव्हतं, हे करारात लिहिलेलं होतं, मी वाचलेलं नव्हतं. त्या सहलीतला सगळ्यात मोठा खर्च तो झाला. तेव्हा गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करा, दार दोन्ही हातांनी धरून इंचाइंचाने उघडा आणि एका वेळी एकच दार उघडं ठेवा. नातीला दाराला हात लावू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. विमा घेताना खडी, वाळू आणि राख यांपैकी काय काय त्यात येतं हे जावयांना ओळ न् ओळ वाचायला सांगा. वाऱ्याने उडालेली वाळू गाडीचा रंग खरवडून काढते.

यजमानांना चालवणं जमेल का? ताई, सप्तशृंगी गडाचा किंवा कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढला-उतरलेला माणूस आहे तो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे ज्याच्या हाडात मुरलेलं आहे त्याला तिथले उतार शिकवावे लागणार नाहीत. वाहनाची लांबी-रुंदी आणि मागचं शेपूट वळणावर किती बाहेर पडतं, याचा अंदाजही त्यांनाच जास्त असेल. जावई डब्लिनमध्ये, म्हणजे आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवतात. उजव्या बाजूला दोघंही सारखेच नवखे आहेत. आइसलंडसुद्धा पूर्वी डावीकडूनच चालायचं. २६ मे १९६८ ला त्या देशाने बाजू बदलली. एका देशाला एका दिवसात जमलं तर तुमच्या यजमानांना दोन दिवसांत जमेल.

पण पहिला दिवस जावयांचा. रेक्याविकमधल्या दोन पदरी चौकात, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, बाहेर पडताना आतल्या पदरातल्या गाडीला अग्रहक्क असतो. आपल्याला हे पूर्ण उलटं वाटतं. विकच्या पुढे मोकळा रस्ता लागला की यजमानांना बसवा. हात गिअरसाठी डावीकडे जाईल आणि दार सापडेल. शक्य असेल तर ऑटोमॅटिक गाडीच मागा. चूक बहुधा गर्दीत होत नाही. सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर, पंपावरून किंवा मुक्कामाच्या तळावरून (कॅम्पसाइटवरून) बाहेर पडताना होते, कारण समोर गाडी नसते आणि जुनी सवय हात धरून डावीकडे नेते. म्हणून शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वेळी मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं. लेकीचंही नाव चालक म्हणून करारात घाला. दोन पुरुषांच्या मध्ये तिसरा चालक असला की कुणी थकल्याचं लपवत नाही.

एकेरी पुलांचं सांगायलाच हवं. रिंग रोडवर अजूनही असे पूल आहेत जिथे एका वेळी एकच गाडी जाते. आधी पाटी दिसते, 'आइनब्रेइड ब्रू'. जो पुलाजवळ आधी पोचला तो आधी जातो. आपल्याकडे दिवा मारून 'मी येतोय, थांब' म्हणतात, तो हिशेब तिथे सोडा. शंका आली तर थांबावं, समोरच्याला जाऊ द्यावं. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ९०, खडीवर ८०, गावात ५०. दिवे दिवसाही चालू. मेंढ्या रस्त्यावर असतात. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर ते हमखास धावतं, तेव्हा वेग आधीच उतरवा. फोटोसाठी रस्त्यात थांबायचं नाही. रस्ता कडेला उंच आणि अरुंद आहे, बाजूला उतरायला जागा नसते. आणि उजेडाला भुलू नका. रात्री दहाला लख्ख उजेड असतो आणि चालवणाऱ्याला वाटतं अजून तासभर जाऊ. संध्याकाळी सहाला चाकं थांबली पाहिजेत.

निघण्याआधी गाडीची तपासणी लागते. कपाटांच्या कड्या लागल्या का, छताची झडप बंद का, गॅसची चावी बंद का, पायरी आत घेतली का, विजेची वायर काढली का. एक विसरलं तरी पहिल्या वळणावर डाळीचा डबा जमिनीवर. हे काम नातीकडे द्या. आजोबांच्या गाडीत कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नसे ना? तिला एक छोटी घंटा घेऊन द्या. ती सगळं तपासेल, टण् टण् करेल, मगच आजोबा ब्रेक सोडतील.

आता तुमच्या मनातला खरा काटा. जावयांसमोरचं वावरणं.

मी तुम्हाला 'आजकाल असं काही नसतं' म्हणणार नाही. असतं. आपण ज्या घरांत वाढलो तिथे जावई आला की डोक्यावरचा पदर सारखा व्हायचा आणि आवाज खाली यायचा. तो संकोच दहा दिवसांसाठी खुंटीला टांगून ठेवता येत नाही, म्हणून त्याची सोय करून ठेवायची. गाडी निवडताना नुसती 'सहा जण झोपू शकतात' एवढं बघू नका. मागे कायमचा पलंग आणि त्याला दार किंवा जाड पडदा असलेली गाडी मागा, आणि तो पलंग तुम्हा दोघांचा. चालकाच्या डोक्यावरच्या पलंगाला शिडी असते, तिथे लेक-जावई जातील. टेबल मोडून होतो तो नातीचा. झोपण्याच्या जागांइतकेच पट्टे लावून बसायच्या जागाही पाच आहेत ना, हेही विचारा. हे दोन आकडे नेहमी सारखे नसतात. कपडे बदलायला गाडीत धडपडू नका. तिथे मोटरहोममध्ये रात्र काढायची ती अधिकृत तळावरच, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय वाटेत कुठेही मुक्काम करणं कायद्याने बंद आहे. तेव्हा रोज रात्री तुम्ही तळावर असणारच. तिथे स्त्रियांची वेगळी न्हाणीघरं असतात, पुष्कळ ठिकाणी सामायिक स्वयंपाकघरही असतं. बहुतेक तळांवर आधी आरक्षण लागत नाही, म्हणूनच होफ्नला बेत बदलणं शक्य होतं. सुती गाऊनऐवजी पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा न्या. थंडीलाही बरं, वावरायलाही मोकळं.

संडासाच्या टाकीचं. ती बाहेरून ओढून काढायची पेटी असते, साधारण वीस लिटरच्या आतबाहेरची. पाच जणांनी दिवसभर वापरली तर रोज किंवा दिवसाआड भरते. त्यात रसायन असतं, ती नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची, आणि नीट केलं तर पाच मिनिटांचं काम आहे. निम्मा प्रश्न सवयीने सुटतो. तळावर असताना तळाचा संडास, वाटेत पंपाचा किंवा प्रेक्षणीय जागेचा, आणि गाडीतला फक्त रात्रीच्या निकडीला. मग दोन-तीन दिवसांतून एकदा रिकामी करावी लागते. उरलेल्या निम्म्यासाठी यजमानांनी पहिल्याच दिवशी पुढे व्हावं. 'आजची पाळी माझी, उद्याची तुमची' एवढंच जावयांना म्हणावं. पाळी लागली की ते उपकार राहत नाहीत, काम होतं. आणि ताई, एक विचारू? तुमच्या लेकीचं बाळंतपण झालं तेव्हा नातीची दुपटी तुम्ही धुतलीत की नाही? तेव्हा तुम्हाला घाण वाटली नाही. जावयांनाही घरच्या माणसांची टाकी रिकामी करताना तसंच वाटत असेल, एवढा विश्वास त्यांच्यावर टाकून बघा.

स्वयंपाक. तुमच्या लेकीने तुम्हाला स्वयंपाकासाठी बोलावलेलं नाही, याची खात्री मी इथे बसून देऊ शकत नाही. बहुतेक तिने तो विचारच केलेला नाही. आई आहे म्हणजे पोळी-भाजी आहे, हे तिने लहानपणापासून पाहिलं. विचार न करणं हाच त्यातला दोष आहे, आणि तो बोलल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तिकिटं काढायच्या आधी तिला फोन करा आणि रागाने नाही, रडून नाही, सरळ सांगा, 'मला यायचंय. दिवसातून एक वेळ मी रांधीन, तेही दिवसाआड. बाकीच्या वेळी तुम्ही कराल ते मी आवडीने खाईन.' त्यावर ती काय म्हणते ते ऐका. मला वाटतं ती गप्प होईल आणि मग हो म्हणेल. 'असू दे, मी करेन सगळं' असं मात्र तिच्याआधी तुम्हीच म्हणून बसू नका.

तिथल्या गाडीत दोन शेगड्या असतात. फोडणी दिलीत तर मिरचीचा ठसका पाच माणसांना आणि हिंगाचा वास सहलभर पांघरुणांना. फोडणीचं करायचं ते तळाच्या स्वयंपाकघरात. छोटा कुकर, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, रवा एवढं पुरे. मेतकूट-भात आणि वर लोणी, बाहेर वारा घोंघावत असताना. याच्याइतकं समाधान मला तिथे दुसऱ्या कशाने दिलं नाही. नाश्त्याला तिथलं स्कीर घ्या, आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारं असतं, साखर घातली की नात चाटूनपुसून खाईल. थंड नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. गरम नळाच्या पाण्याला बऱ्याच ठिकाणी गंधकाचा वास असतो, कारण ते जमिनीतूनच तापून येतं. अंघोळीला उत्तम, चहाला नको.

अंघोळीवरून आठवलं. तिथे जवळपास प्रत्येक गावात गरम पाण्याचा सार्वजनिक तलाव असतो आणि यजमानांच्या गुडघ्यांना त्याइतकं औषध नाही. पण पाण्यात उतरण्याआधी साबणाने, पोहण्याचा पोशाख न घालता, अंग धुवावं लागतं. स्त्रियांचा विभाग वेगळा असतो, तरी तो मोकळा असतो. मी पहिल्यांदा परत फिरले होते. दुसऱ्यांदा सकाळी लवकर गेले, एक म्हातारी बाई शेजारी निवांत न्हात होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. काही ठिकाणी पडद्याची एखादी न्हाणी असते, विचारा. पण तयारीने जा, आणि नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका.

विकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर नातीचा हात सोडू नका. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक लाट खूप आत येते आणि माणसाला ओढून नेते. तिथे माणसं दगावली आहेत. इशाऱ्याचा दिवा तांबडा असेल तर वाळूवर उतरूच नका. समुद्राकडे पाठ करून फोटो कुणीही काढायचा नाही. फोनवर ११२ आइसलंड हे अॅप घेऊन ठेवा, संकटात एका बोटाने तुमची जागा मदतकर्त्यांना कळते.

कागदपत्रांना आजच लागा. आयर्लंडचा व्हिसा आइसलंडला चालत नाही, आइसलंडसाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. आणि आयर्लंडचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर आइसलंडहून डब्लिनला परत शिरता येणार नाही. तो अनेक प्रवेशांचाच मागा. इथे बऱ्याच आईवडिलांची फसगत होते. यजमानांच्या परवान्याची मुदत बघा, आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. गाडी देणाऱ्यांना त्यांचं वय सांगून लेखी होकार घ्या. पंपावर बहुतेक कार्डच चालतं आणि त्याला पिन लागतो, तो सगळ्यांना पाठ हवा. आणि तिथे 'बेन्सिन' म्हणजे पेट्रोल. तुमची गाडी बहुधा डिझेलवर असेल, नळी हातात घेण्याआधी दोनदा वाचा.

कळावे, लोभ असावा.

ता. क. नातीने आकाशातले हिरवे दिवे बघायचा हट्ट धरला असेल तर तिला आत्ताच सांगा, जुलैत ते दिसत नाहीत, आकाश काळोखं होतच नाही. त्यासाठी ऑगस्टअखेरीनंतर जावं लागतं. पण जुलैत विकजवळच्या डिरहोलाए कड्यावर पफिन नावाचे समुद्रपक्षी असतात, लाल-केशरी चोचीचे, तुमच्या हातभर उंचीचेही नाहीत. दुर्बीण घेऊन जा. नात शाळेत परतली की तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल.